घरच्या डीव्हीडीवर चित्र नेमकं कुठे बिघडतं?

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या कपाटांत लग्नांच्या कॅसेट जपून ठेवलेल्या असतात. नव्वदच्या दशकातल्या व्हीएचएस, त्यानंतरच्या मिनी डीव्ही, स्टुडिओवाल्याने दिलेल्या दोन-तीन व्हीसीडी आणि अलीकडच्या लग्नांचं मोबाइलवर केलेलं चित्रण. २००६च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कित्येक घरांतले अल्बम आणि कॅसेट गेल्या. जे वाचलं ते आता घरातली तरुण मुलं डीव्हीडीवर उतरवून ठेवतात आणि एक प्रत गावाकडे पाठवतात. तिकडे टीव्हीखाली अजून डीव्हीडी प्लेअर असतो आणि डिस्क आत सरकवली की लग्न सुरू होतं, एवढं वडीलधाऱ्यांना पुरतं.

पण मग तक्रार येते. कॅसेट चांगली दिसत होती, डिस्क मात्र धुरकट आली. नाचताना चेहऱ्यांचे चौकोन झाले. शालूची जर लुकलुकते. पाठवणीला येऊन चित्र अडकतं. अशा वेळी दोष हमखास डीव्हीडी रायटरवर किंवा कोऱ्या डिस्कवर टाकला जातो. लोक नवा रायटर घेतात, महागातल्या डिस्क आणतात, आणि चित्र होतं तसंच राहतं.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. डिस्क जाळण्याने, म्हणजे बर्न करण्याने, चित्र धूसर होत नाही. जाळताना फक्त आकडे उतरवले जातात. ते नीट उतरले तर चित्र जसंच्या तसं दिसतं. नीट उतरले नाहीत तर चित्र अडकतं, थिजतं, मोठमोठे चौकोन उडतात, आवाज तुटतो. रंग फिके पडणं, कडा मऊ होणं, हालचालीत मुंग्या येणं, हे सगळं जाळण्याच्या आधीच घडून गेलेलं असतं. कॅसेट संगणकात घेताना, मिक्सिंग करताना किंवा डीव्हीडीच्या साच्यात बसवण्यासाठी फाइल दाबताना.

चार ठिकाणी बघा

दोष शोधायचा तर तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा चार ठिकाणी बघायचा. आधी मूळ फाइल संगणकावर. मग डिस्क तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरने बनवलेला ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर, तोही संगणकावरच, व्हीएलसी प्लेअरमध्ये. मग जाळलेली डिस्क त्याच संगणकावर. आणि शेवटी तीच डिस्क दिवाणखान्यातल्या टीव्हीवर. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत फरक पडला तर फाइल दाबताना नुकसान झालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत पडला तर डिस्क किंवा रायटर. तिसरी ठीक आणि चौथी वाईट असेल तर प्लेअर, केबल किंवा टीव्हीची मांडणी. आणि पहिल्याच पायरीवर चित्र वाईट असेल, तर पुढे काहीही केलं तरी ते सुधारणार नाही, मूळ कॅसेट पुन्हा नीट घ्यावी लागेल.

हा तुकडा निवडतानाही विचार करा. नवरा-नवरी स्टेजवर बसले आहेत असा शांत तुकडा घेऊन काही कळणार नाही. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण घ्या, किंवा वरातीतला बँडपुढचा नाच. तिथे जे टिकलं ते सगळीकडे टिकेल. आणि परीक्षेसाठी पुन्हा पुन्हा लिहिता येणारी एक आरडब्ल्यू डिस्क बाजूला ठेवा, म्हणजे प्रत्येक प्रयोगाला नवी डिस्क वाया जात नाही.

अक्षता आणि जागेचा हिशेब

घरगुती डीव्हीडीवर चित्र बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण एकच आहे: एका डिस्कवर मावेल त्यापेक्षा जास्त तास कोंबणं. आपल्याकडचं लग्न हळदीपासून पाठवणीपर्यंत सहज साडेतीन-चार तासांचं असतं आणि ते ‘एकाच डिस्कवर द्या’ असा आग्रह असतो. सॉफ्टवेअर नाही म्हणत नाही. ते गुपचूप दाब वाढवतं.

हिशेब सोपा आहे, एकदा करून बघा. साध्या एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात. विंडोज हाच आकडा ४.३८ दाखवतं, कारण तिथे मोजण्याची रीत वेगळी आहे; डिस्क कमी भरलेली नाही. ४.७ जीबी म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. याला एकूण सेकंदांनी भागलं की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला किती मेगाबिट आले ते कळतं. दोन तासांचे ७,२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ५.२ मेगाबिट. त्यातून आवाजाचा वाटा आणि बांधणीत जाणारे चार-पाच टक्के वजा केले की चित्राला साधारण पावणेपाच उरतात. हे चांगलं आहे. दीड तासाच्या चित्रणाला सव्वासहाच्या आसपास मिळतात, ते उत्तम. तीन तासांना जेमतेम तीन. चार तासांना सव्वादोन, आणि इथे नाचाचं चित्र फाटणारच.

का फाटतं तेही समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप सुचतो. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेलं असतं. साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र साठवायचं आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं लिहायचं, अशी ती पद्धत. स्टेजवर आहेराची रांग चालू असते तेव्हा मागचा पडदा, खुर्च्या, फुलं काही हलत नाही. बदल थोडा, जागा पुरते. अक्षता पडतात तेव्हा पडद्यावर शेकडो बारीक ठिपके प्रत्येक चित्रात नव्या ठिकाणी असतात. वरातीत धूळ, गुलाल, दिव्यांची उघडझाप, हललेला कॅमेरा, सगळं एकदम बदलतं. लिहायचं खूप आणि जागा थोडी, मग सॉफ्टवेअर बारीक तपशील सोडून देतं आणि चौकोन दिसायला लागतात. ज्या क्षणासाठी कॅसेट जपली, नेमका तोच क्षण सर्वांत जास्त बिघडतो.

यावर सरळ उपाय म्हणजे दोन डिस्क करा. हळद आणि मांडव एकीवर, लग्न आणि पाठवणी दुसरीवर. दोन थरांच्या ८.५ जीबीच्या डिस्कही असतात, पण त्या महाग पडतात, जुन्या प्लेअरवर अडतात आणि थर बदलताना चित्र क्षणभर थांबतं. माझं मत दोन साध्या डिस्कच्या बाजूने आहे. काही जण जागा वाचवायला आहेराची रांग कापून टाकतात. ती कापू नका. आज घरात नसलेली कितीतरी माणसं फक्त त्याच रांगेत चालताबोलताना दिसतात.

दुसरं, दाबण्याची पद्धत निवडताना ‘बदलता बिटरेट, दोन फेऱ्या’ हा पर्याय घ्या. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळं चित्रण नुसतं तपासतं, दुसऱ्या फेरीत आहेराच्या रांगेतून वाचवलेली जागा अक्षतांना देतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो. रात्री लावून झोपा. मात्र कमाल मर्यादा साडेआठ मेगाबिटच्या वर नेऊ नका. डीव्हीडीच्या नियमात चित्राला ९.८ पर्यंत परवानगी आहे, पण घरी जाळलेली डिस्क जुना प्लेअर तितक्या वेगाने वाचू शकत नाही आणि अडखळतो.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. तुमचं सॉफ्टवेअर आवाज कोणत्या प्रकारात ठेवतं ते बघा. पीसीएम असेल तर आवाजच सेकंदाला दीड मेगाबिट खातो. तीन तासांच्या डिस्कवर चित्राच्या वाट्याची जवळजवळ निम्मी जागा ढोल-ताशा न दाबता ठेवण्यात जाते. एसी-३ प्रकार आणि १९२ किंवा २२४ किलोबिट ठेवा. मंडपातल्या माइकवर घेतलेल्या आवाजात कानाला फरक कळणार नाही, चित्रात मात्र लगेच दिसेल.

व्हीएचएस असेल तर

व्हीएचएसवर आडव्या दिशेने साधारण २४० रेषांइतकाच तपशील असतो. डीव्हीडीची पूर्ण चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. म्हणजे कॅसेटमधून येतं त्याच्या दुपटीहून जास्त आडवे ठिपके आपण भरत बसतो आणि त्या रिकाम्या तपशिलासाठी जागा खर्चतो. डीव्हीडीच्या नियमात ३५२ बाय ५७६ ही अर्धी चौकटही मान्य आहे आणि प्लेअर ती आपोआप पूर्ण पडदाभर दाखवतो. तीन तासांची व्हीएचएस एकाच डिस्कवर हवीच असेल, तर ही चौकट वापरा. तपशील जवळपास तेवढाच राहतो आणि चौकोन बरेच कमी होतात. उभे ठिपके ५७६च ठेवायचे, तिथे हात लावायचा नाही.

जुन्या कॅसेटवरची मुंग्यांसारखी खरखर हा दुसरा शत्रू. आपल्या डोळ्याला ती दोष वाटते, पण सॉफ्टवेअरला ती अक्षतांसारखीच दिसते, प्रत्येक चित्रात नवी. तिच्यावर जागा उधळली जाते. दाबण्यापूर्वी हलका खरखर-निवारक फिल्टर लावा. हलका म्हणजे खरंच हलका. जास्त लावला तर चेहरे मेणाचे दिसायला लागतात आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, ज्या आईच्या होत्या, त्या जातात.

कॅसेट संगणकात घेताना स्वस्त कॅप्चर यंत्र थेट दाबलेली फाइल बनवतं. पुढे ती पुन्हा डीव्हीडीसाठी दाबावी लागते, म्हणजे दोनदा नुकसान. त्यापेक्षा न दाबता, किंवा चित्राला धक्का न लावता दाबणाऱ्या हफवायव्ही, लॅगरिथसारख्या प्रकारात घ्या. तासाला पंचवीस-तीस जीबी लागतात, पण हीच फाइल पुढे मूळ ठेव म्हणून कामी येते. मिनी डीव्ही असेल तर तिची तासाला साधारण १३ जीबीची मूळ फाइल फायरवायर केबलने जशीच्या तशी येते. तिला मध्येच दुसऱ्या प्रकारात बदलायचं कारण नाही.

व्हीएचएसच्या तळाशी एक तुटकी, थरथरणारी पट्टी दिसते. ती प्लेअरच्या हेडमुळे येते आणि जुन्या टीव्हीत कडेला झाकली जायची. ती कापून चित्र ताणू नका. ताणलं की पुढे सांगितलेला ओळींचा घोळ होतो. तेवढ्या ओळींवर काळी पट्टी टाका, म्हणजे तीही जागा खात नाही.

सुरतेच्या दमट हवेत कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी धरते. खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरट थर दिसला तर ती कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटनाही लागते. आधी साफ करून घ्यायची. आणि एक कॅसेट घेतल्यावर पुढची घालण्यापूर्वी प्लेअरचं हेड पुसा. चित्रात आडवे पांढरे फराटे वाढत चालले असतील तर बहुतेक वेळा मळलेलं हेडच कारण असतं.

व्हीसीडीची गोष्ट वेगळी. ती मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांची, सेकंदाला सव्वा मेगाबिटपेक्षाही कमी जागेत दाबलेली. तिची डीव्हीडी केल्याने चित्र वाढत नाही, पण पुन्हा दाबल्याने नक्की घटतं. इथे एक मार्ग आहे जो फार थोड्यांना माहीत असतो: व्हीसीडीचं चित्र डीव्हीडीच्या नियमात जसंच्या तसं बसतं. फक्त आवाजाचा नमुना-वेग ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्झ करायचा. चित्राला हात न लावता अशा दोन-तीन व्हीसीडी एकाच डीव्हीडीवर येतात.

ओळींचा घोळ

कॅसेटच्या काळातलं चित्र एका दमात साठवलेलं नसतं. एका चित्राच्या विषम ओळी एका क्षणी आणि सम ओळी त्यानंतर सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याने घेतलेल्या असतात. संगणकावर असं चित्रण पाहिलं की हलणाऱ्या हाताच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. लोक घाबरतात आणि ‘डीइंटरलेस’ची खूण करतात. इथेच चित्र मरतं. अर्ध्या ओळी फेकल्या जातात, हालचालीतला मऊपणा जातो. टीव्ही आणि प्लेअरला हे चित्र कसं दाखवायचं ते कळतं, त्यांना ते तसंच द्या. संगणकावर तपासताना व्हीएलसीतच डीइंटरलेस चालू करा, म्हणजे दात दिसणार नाहीत आणि फाइलही सुरक्षित राहील.

मात्र ओळींचा क्रम अचूक सांगावा लागतो. मिनी डीव्हीत खालची ओळ आधी असते. एचडी हँडीकॅमच्या १०८० ओळींच्या चित्रणात वरची आधी. ॲनालॉग कॅसेट घेणारी बरीच यंत्रंही वरची आधी देतात. क्रम उलटा लागला की टीव्हीवर नाचणारा माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा थरथरतो, उभा असला की मात्र ठीक दिसतो. हे लक्षण ओळखायला सोपं आहे. दिसलं की प्रोजेक्टच्या मांडणीत क्रम बदलून पुन्हा दाबा. मिक्सिंग एडियससारख्या सॉफ्टवेअरमध्ये केलं असेल तर प्रोजेक्ट, टाइमलाइनवरची क्लिप आणि बाहेर काढलेली फाइल, तिन्हींकडे क्रम एकच आहे का बघा. घोळ बहुतेकदा दोन टप्प्यांच्या मध्ये असतो.

एचडी हँडीकॅमचं ओळीओळींचं चित्रण लहान करताना नुसतं आकारमान बदललं की दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि माणसामागे सावली धावते. आधी ते सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रांत उलगडायचं, मग लहान करायचं, मग पुन्हा ओळींत गुंफायचं. मोठी सॉफ्टवेअरं हे स्वतः करतात, मोफत असलेली कित्येक करत नाहीत. डीव्हीडी स्टायलरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकण्यापूर्वी हे काम वेगळं करून घ्या.

जर का लुकलुकते

सुरत जरीचं शहर, तेव्हा लग्नात जर असणारच. आणि जरीचा बारीक आडवा काठ हा डीव्हीडीसाठी अवघड प्रसंग आहे. एका ओळीइतकी बारीक सोनेरी रेघ विषम ओळींत येते, सम ओळींत येत नाही, आणि सेकंदाला पंचवीस वेळा उघडझाप करत राहते. हाच त्रास फोटोंच्या स्लाइड शोमध्ये होतो. मोबाइलचा बारा-पंधरा मेगापिक्सलचा फोटो एकदम ५७६ ओळींत आणला की खिडकीची जाळी, शालूचा काठ, पत्रिकेवरची बारीक अक्षरं थरथरतात.

उपाय उलटा वाटेल, पण चित्र उभ्या दिशेने किंचित मऊ करायचं. एडियस, प्रीमियर यांत ‘अँटी-फ्लिकर’ नावाचा पर्याय त्यासाठीच असतो. फोटो आधीच लहान करून घ्या आणि ‘शार्पन’ कधीही करू नका. शार्पन केलेली कड टीव्हीवर लुकलुकतेही आणि जागाही खाते.

मोबाइलवरचं लग्न

इथे पहिली चौकशी फाइल कुठून आली याची करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं चित्रण पाठवतानाच बरंच दाबलं जातं. मामेभावाने ग्रुपवर टाकलेल्या क्लिपची डीव्हीडी चांगली होणं शक्य नाही. त्याच्याकडून मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागा, किंवा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तशी ती जशीच्या तशी येते. नंदुरबार, अमळनेरकडून सुरतेला रोज कुणी ना कुणी येत असतं, पेनड्राइव्ह आणायला अडचण नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. मोबाइल सहसा सेकंदाला ३० चित्रं घेतो, तेही कमी-जास्त करत. आपल्याकडची पाल पद्धतीची डीव्हीडी २५ चित्रांची. तीसची पंचवीस करताना दर सेकंदाला पाच चित्रं फेकली जातात आणि कॅमेरा फिरताना झटके बसतात. यावर मी नेहमी एनटीएससी पद्धतीची डिस्क बनवायला सांगतो, ती २९.९७ चित्रांची असते. भारतात विकले गेलेले जवळपास सगळे डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही ती चालवतात. ओळी ४८० होतात, थोड्या कमी, पण हालचाल सरळ राहते आणि नाचाच्या चित्रणात तेच महत्त्वाचं. आवाज हळूहळू पुढे-मागे सरकत असेल तर कारण कमी-जास्त वेग. आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल ‘स्थिर वेगा’ची करून घ्या, गुणवत्ता अगदी वरची ठेवून, आणि मग पुढचं काम करा.

आणि अपेक्षा खरी ठेवा. मोबाइलच्या एचडी चित्रात वीस लाखांहून जास्त ठिपके असतात, डीव्हीडीत सव्वाचार लाखांपेक्षाही कमी. पाचातला एक उरतो. सगळं बिनचूक केलं तरी डिस्क मोबाइलपेक्षा मऊच दिसेल. म्हणून अलीकडच्या लग्नाची एमपी४ फाइल पेनड्राइव्हवरही द्या. टीव्हीला यूएसबी असेल तिथे ती लावायची, प्लेअर असेल तिथे डिस्क.

जाळताना

इथे काम थोडं, पण घाई चालत नाही. डिस्कवर १६ पट वेग लिहिलेला असला तरी ४ किंवा ८ पटीने जाळा. अगदी एक पटीने जाळण्याचा सल्लाही ऐकायला येतो, पण आजच्या डिस्क तितक्या संथ वेगासाठी बनलेल्या नसतात आणि परिणाम कधी कधी आणखी वाईट येतो. इमगबर्नसारखं मोफत सॉफ्टवेअर जाळून झाल्यावर ताडून बघतं. ती खूण काढू नका. ताडताना चुका आल्या तर ती डिस्क गावाकडे पाठवायची नाही.

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. बाहेरची कड ओरखडे, बोटांचे ठसे आणि खराब रंगद्रव्य यांमुळे आधी बिघडते. लग्नाच्या डिस्कवर तिथे पाठवणी असते, म्हणून चित्र नेमकं पाठवणीलाच अडकतं. फाइल ४.३ जीबीच्या आत ठेवली की शेवटची कड मोकळी राहते. जुन्या प्लेअरसाठी ‘प्लस आर’ऐवजी ‘डीव्हीडी-आर’ घ्या. नवरा-नवरीचा फोटो असलेलं गोल स्टिकर डिस्कवर चिकटवू नका. ते थोडं जरी एका बाजूला सरकलं तरी डिस्क फिरताना डगमगते, आणि उन्हाळ्यात गोंद सुटतो. नाव लिहायला डिस्कसाठीचा मऊ टोकाचा मार्कर वापरा, बॉलपेन नाही.

टीव्हीपाशी

सगळं नीट झालं आणि तरी चित्र मऊ वाटतं, तर प्लेअर कोणत्या केबलने जोडला आहे ते बघा. पिवळ्या पिनेची केबल सर्वांत वाईट. रंग एकमेकांत पसरतात. प्लेअरला एचडीएमआय असेल तर तीच लावा. ५७६ ओळींचं चित्र मोठ्या फोर-के पडद्यावर ताणलं जातं तेव्हा टीव्हीचा ‘शार्पनेस’ जितका वर, तितकी प्रत्येक खोट मोठी दिसते. तो खाली आणा. ‘डायनॅमिक’ सोडून ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ निवडा. माणसं रुंद आणि बुटकी दिसत असतील तर चारास तीनचं जुनं चित्रण सोळास नऊच्या पडद्यावर ताणलं जातंय. डिस्क बनवताना चारास तीन नोंदवलं होतं का ते तपासा, नसेल तर टीव्हीच्या मांडणीत बदला. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या.

डिस्क झाली म्हणून मूळ गोष्टी टाकू नका. घरी जाळलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो उष्णता, ऊन आणि दमटपणाने हळूहळू खराब होतो. पत्र्याच्या कपाटावर, खिडकीशेजारी ठेवलेली डिस्क लवकर जाते. कॅसेट आणि तिच्यावरून घेतलेली मोठी, न दाबलेली फाइल हीच खरी ठेव. ती दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक सुरतेत आणि दुसरी धुळ्याच्या किंवा जळगावच्या नातेवाइकांकडे. २००६ला ज्यांनी सगळं तळमजल्यावर ठेवलं होतं त्यांना यामागचं कारण सांगावं लागणार नाही. आणि त्या फाइलसोबत एक साधा मजकूर ठेवा: कोणाचं लग्न, कोणत्या गावी, कोणत्या साली, कॅसेट कोणत्या प्रकारची, ओळींचा क्रम कोणता. पुढे दहा वर्षांनी कुणी नव्या पद्धतीने हे चित्रण काढायला बसेल, तेव्हा त्याला सुरुवात इथूनच करावी लागेल.